शून्य कुठे धरायचे : निओबियम-कथिलाच्या तारेतील विकृती मोजताना

निओबियम-कथिलाची अतिसंवाहक तार वरवर पाहता तांब्याच्या साध्या तारेहून वेगळी दिसत नाही, कारण तिचे बाहेरचे कवच तांब्याचेच असते. आमच्या विभागात आलेल्या तारेची जाडी ०.८ मिलिमीटर होती. तांब्याच्या कवचाच्या आत टँटॅलमचा पातळ पडदा, पडद्याच्या आत कासे (तांबे आणि कथील यांची मिश्रधातू) आणि काशात रोवलेले काही मायक्रोमीटर जाडीचे हजारो तंतू अशी तिची रचना होती. नाशिकमधल्या एका महाविद्यालयात भौतिकशास्त्र शिकवणाऱ्या माणसाच्या वाट्याला अशी तार सहसा येत नाही. ती एका सहकाऱ्यामुळे मिळाली, आणि ती पाहिल्यापासून माझ्या मनात एकच प्रश्न होता: तारेला कोणी ओढत नसताना, दाबत नसताना, नुसती टेबलावर ठेवलेली असताना तिच्या आतले तंतू किती दाबले गेलेले असतात?

हा दाब भट्टीत तयार होतो. तार ओढली जाते तेव्हा तंतू शुद्ध निओबियमचे असतात. नंतर ती सुमारे ६५० अंश सेल्सिअसला शंभर-दीडशे तास ठेवली की काशातले कथील हळूहळू तंतूंमध्ये शिरते आणि तीन भाग निओबियम व एक भाग कथील असे संयुग तयार होते. हे संयुग सुमारे १८ केल्विनच्या खाली अतिसंवाहक होते. त्या तापमानाला तारेतले सगळे पदार्थ एकमेकांशी साधारण मिळतेजुळते घेऊन असतात, पण तार थंड होऊ लागली की मतभेद सुरू होतात. तांबे एका अंशाला दर दशलक्ष भागांमागे सुमारे १७ भाग आकसते, तर निओबियम-कथील सात-आठ भागच आकसते. सगळे एकमेकांना घट्ट चिकटलेले असल्यामुळे तांबे आणि कासे तंतूंना लांबीच्या दिशेने दाबत जातात आणि स्वतः ताणले जातात. तांबे मऊ असल्याने ते काही प्रमाणात नमते घेते, म्हणून सगळा फरक तंतूंवर येत नाही. तरीही द्रवरूप हेलियमच्या तापमानापर्यंत पोचेपर्यंत तंतू हजारात दोन-तीन भागांनी आखूड झालेले असतात. हीच तार पोलादी नळीत भरलेल्या केबलमध्ये असेल तर पोलादाचे आकुंचनही तिच्यावर येते आणि हा आकडा हजारात सहा-सात भागांपर्यंत जातो.

हजारात सहा भाग ऐकायला किरकोळ वाटतात, पण निओबियम-कथिलाच्या बाबतीत ते किरकोळ नाहीत. या पदार्थातून किती विद्युतप्रवाह विनारोध जाऊ शकतो हे चुंबकीय क्षेत्र आणि तापमान यांच्याबरोबरच विकृतीवरही, म्हणजे ताणाने वा दाबाने लांबीत पडणाऱ्या फरकाच्या प्रमाणावरही, अवलंबून असते, आणि जॅक एकिन यांनी १९८० मध्ये या अवलंबनाचा जो नियम मांडला तो आजही चुंबक बांधणाऱ्यांच्या रोजच्या हिशेबात आहे. फ्रान्समधील ईटर या अणुसंमीलन प्रकल्पाच्या १८ मोठ्या चुंबकीय वेटोळ्यांची केबल ९०० अतिसंवाहक आणि ५२२ साध्या तांब्याच्या तारा वळून केलेली आहे. तिच्यातून ६८ हजार अँपिअर प्रवाह जावा आणि तिने ११.८ टेस्लापर्यंतचे क्षेत्र सोसावे, अशी अपेक्षा असते. अशा ठिकाणी विकृतीचा अंदाज चुकणे परवडत नाही.

तार आधी ओढायची आणि संयुग नंतर घडवायचे, हा उलटा वाटणारा क्रमही याच पदार्थाच्या स्वभावामुळे ठरला आहे. तयार निओबियम-कथील इतके ठिसूळ असते की ते ओढताच येत नाही. काशाचेही स्वतःचे नखरे आहेत. ओढता ओढता ते झपाट्याने कडक होते आणि मधूनमधून तापवून त्याला पुन्हा मऊ करावे लागते. विद्यार्थ्यांना हे समजावण्यासाठी मी त्यांना भांडी बाजारामागच्या तांबट लेनमध्ये पाठवले. माठारकाम करणारे कारागीर ठोके देऊन ताठरलेले भांडे पुन्हा भट्टीत घालतात आणि मऊ झाल्यावर पुढचे ठोके देतात, तेच तार ओढणाऱ्या कारखान्यात घडते.

आता मोजण्याविषयी. महाविद्यालयातल्या क्ष-किरण यंत्राने हे काम होत नाही, कारण त्यातले किरण तांब्यात काही मायक्रोमीटर ते काही दशक मायक्रोमीटरच शिरतात आणि आम्हाला तारेचे फक्त कवच दिसले असते. न्यूट्रॉनला विद्युतभार नसतो. तो इलेक्ट्रॉनांच्या गर्दीकडे बहुतांशी दुर्लक्ष करून थेट अणुकेंद्रकांवरून विखुरतो, त्यामुळे तारांची जुडीच काय, पोलादी नळीतली केबलही त्याला आरपार पाहता येते. जपानमध्ये तोकाई येथील न्यूट्रॉन केंद्रात ईटरच्या केबलचा नमुना असाच न उघडता तपासला गेला होता. स्वित्झर्लंडमधील चाचणीत त्या केबलची प्रवाहक्षमता चक्रागणिक घटत गेली होती आणि न्यूट्रॉनांनी आतल्या तारा वाकल्याचे दाखवून दिले. त्या तपासणीवरचा शोधनिबंध वाचल्यावरच आपल्या तारेसाठीही न्यूट्रॉनच हवेत, असे माझे मत पक्के झाले.

तत्त्व ब्रॅग पितापुत्रांच्या काळापासूनचे आहे. स्फटिकातल्या अणुप्रतलांमधले अंतर आणि विशिष्ट कोनात विखुरणाऱ्या लहरींची लांबी यांचे नाते ठरलेले असते. स्पंदित, म्हणजे न्यूट्रॉन ठोक्याठोक्याने सोडणाऱ्या, स्रोतावर कोन स्थिर ठेवून न्यूट्रॉनला पोचायला किती वेळ लागला ते मोजतात, कारण लांब लहरीचा न्यूट्रॉन हळू चालतो. निओबियम-कथिलाच्या ३२० या क्रमांकाने ओळखल्या जाणाऱ्या प्रतलांमधले अंतर सुमारे १.४७ अँगस्ट्रॉम असते. नव्वद अंशांतून विखुरून आलेखात त्या प्रतलांचे शिखर देणारा न्यूट्रॉन सेकंदाला सुमारे १,९०० मीटर वेगाने येतो आणि पन्नास मीटरांहून थोडा जास्त प्रवास करायला त्याला सुमारे २७ मिलिसेकंद लागतात. तंतू दहा हजारात एका भागाने आखूड झाला तर हा वेळ २.७ मायक्रोसेकंदांनी बदलतो. शिखराची स्वतःची रुंदी याच्या कितीतरी पट असते, म्हणून शिखराचा मध्य काळजीपूर्वक काढावा लागतो. पण पुरेसे न्यूट्रॉन मोजले तर तो काढता येतो.

इथवर सगळे सरळ आहे. खरी मेख पुढे आहे. विकृती म्हणजे मोजलेले अंतर आणि विकृतीविरहित अंतर यांतला फरक, विकृतीविरहित अंतराच्या प्रमाणात. मोजलेले अंतर यंत्र देते. विकृतीविरहित अंतर कोण देणार? निओबियम-कथिलाच्या बाबतीत हा प्रश्न विशेष अवघड आहे, कारण हे संयुग ठरावीक प्रमाणाचे नसून कथील सुमारे १८ टक्क्यांपासून २५ टक्क्यांपर्यंत कमीजास्त असले तरी ते टिकते, आणि त्यानुसार त्याच्या जालकाची (अणूंच्या नियमित चौकटीची) बाजू साधारण ५.२८ ते ५.२९ अँगस्ट्रॉमच्या दरम्यान सरकते. हा फरक हजारात जवळजवळ दोन भागांचा आहे, म्हणजे आम्ही जी विकृती मोजायला निघालो होतो तेवढाच. एकाच तंतूतही बाहेरच्या बाजूला कथील जास्त आणि आत कमी असते. पुस्तकातून ५.२९ हा आकडा उचलून वजाबाकी केली असती तर जे उत्तर आले असते ते दाबाचे की कथिलाचे, हे कोणालाच सांगता आले नसते. त्यामुळे आमच्या कामाचा मोठा भाग न्यूट्रॉनांपेक्षा या शून्याच्या शोधात गेला, आणि तो नाशिकमध्येच गेला.

सर्वात खात्रीचा मार्ग म्हणजे त्याच तारेतून तंतू सुटे करणे. तांबे आणि कासे काढून टाकले की तंतूंना दाबणारे कोणी उरत नाही. सौम्य केलेले नायट्रिक आम्ल तांबे खाते आणि निओबियम-कथिलाला हात लावत नाही, म्हणून रसायनशास्त्र विभागाच्या धूर-कपाटात आम्ही हे काम मांडले. तांबड्या-तपकिरी वाफा निघाल्या, द्रावण निळे झाले आणि मग सगळे थांबले. बाहेरचे तांबे गेले होते, पण टँटॅलमचा पडदा आम्लाला दाद देत नाही, त्यामुळे त्याच्या आतल्या काशापर्यंत आम्ल फक्त तारेच्या दोन टोकांकडूनच पोचू शकत होते. तारेचे काही मिलिमीटरांचे तुकडे केले तेव्हा काम पुढे सरकले. काशातल्या कथिलाचा आणखी एक त्रास होता: नायट्रिक आम्लात ते विरघळत नाही, तर पांढऱ्या गाळाच्या रूपाने तंतूंभोवती तरंगत राहते. तंतू जड असल्याने लवकर तळाशी बसतात आणि गाळ रेंगाळतो, याचा फायदा घेऊन पुन्हा पुन्हा पाणी घालणे आणि वरचे पाणी ओतून टाकणे हा उद्योग माझ्या संशोधक विद्यार्थ्याने कमालीच्या चिकाटीने केला. टँटॅलमच्या रिकाम्या पुंगळ्या त्याने चिमट्याने एकेक वेचल्या. शेवटी उरलेल्या काळसर केसांसारख्या तंतूंचा खलबत्त्यात चुरा करण्याचा मोह आम्ही टाळला, कारण कुटण्यानेच नवीन विकृती निर्माण झाली असती.

दुसरीकडे ओढून पाहण्यासाठी तारांची जुडी बांधायची होती. एकच तार न्यूट्रॉनांसाठी फार थोडा पदार्थ देते, म्हणून बऱ्याच तारा समांतर ठेवून दोन्ही टोके ठोकळ्यांत पक्की करायची आणि ती जुडी यंत्रावर खेचायची अशी योजना होती. तारा न वाकवता सरळ भाजल्या पाहिजेत, म्हणून त्या चिनी मातीच्या बारीक नळ्यांत घालून आमच्या विभागातल्या नळीभट्टीत आर्गॉनच्या प्रवाहात ठेवल्या. तंतू सुटे करण्यासाठीच्या तारा आणि जुडीसाठीच्या तारा एकाच वेळी, एकाच भट्टीत गेल्या पाहिजेत यावर मी अडून बसले होते, कारण दोन वेगवेगळ्या भाजणींत कथिलाचे वाटप सारखेच होईल याची शाश्वती नाही. इतके दिवस भट्टी अखंड तापती ठेवायची म्हणजे विजेचा भरवसा हवा. नाशिकच्याच अंबड औद्योगिक वसाहतीतल्या एका हीट ट्रीटमेंटवाल्यांना आधी विचारले होते, पण साच्यांची आणि गिअरांची रोजची रांग थांबवून एवढा वेळ भट्टी एका मूठभर तारेसाठी अडवणे त्यांना शक्य नव्हते, आणि त्यात त्यांचे काही चुकले नाही. आम्ही विभागाचा जनरेटर भट्टीला जोडून घेतला.

ठोकळे मात्र अंबडमध्येच झाले. वायरकटचे काम करणाऱ्या त्या वर्कशॉपचे मालक ड्रॉइंग हातात घेऊन बराच वेळ गप्प होते. मग त्यांनी विचारले, "मॅडम, जॉब खेचायचाय म्हणता, पण सगळ्या तारांवर सारखा लोड येणार कसा? एक तार जरी ढिली राहिली तरी बाकीच्यांवर भार." हाच प्रश्न पुढे न्यूट्रॉन यंत्रावर वेळ मागणारा आमचा प्रस्ताव तपासणाऱ्यांनीही विचारला. वर्कशॉपच्या मालकांच्याच सूचनेवरून प्रत्येक तारेसाठी वेगळी खाच, तारा हलक्या ताणात धरणारी तात्पुरती चौकट आणि सगळे जागेवर बसल्यानंतरच खाचांत डाख ओतणे, अशी रचना ठरली. चौकट नंतर काढून टाकायची होती. भाजलेली तार हाताळताना आणखी एक हिशेब मी सगळ्यांना फळ्यावर लिहून दाखवला होता. ०.८ मिलिमीटर जाडीची तार शंभर मिलिमीटर त्रिज्येच्या वळणात वाकवली तर तिच्या बाहेरच्या कडेला हजारात चार भागांची ताण-विकृती येते, म्हणजे साधी जेवणाच्या ताटाएवढी गुंडाळी केली तरी तंतूंना तडे जाण्याची वेळ जवळ येते. जुडीसाठी बनवलेल्या पेटीत म्हणूनच एकही जागा मोकळी ठेवली नव्हती.

सुट्या तंतूंची पहिली तपासणी मुंबईत ट्रॉम्बेला झाली. भाभा अणुसंशोधन केंद्रातील ध्रुव ही १०० मेगावॅटची अणुभट्टी १९८५ पासून चालू आहे आणि विद्यापीठांतल्या लोकांना यूजीसी-डीएई कन्सॉर्शियम या विद्यापीठ अनुदान आयोग आणि अणुऊर्जा विभाग यांच्या संस्थेच्या मुंबई केंद्रामार्फत तिच्या न्यूट्रॉनांचा वापर करता येतो. पंचवटी एक्स्प्रेसने सकाळी निघून दादरला उतरायचे हा क्रम माझ्या पीएच.डी.च्या काळापासून अंगवळणी पडला आहे. तंतू व्हॅनेडियमच्या बारीक डबीत भरले होते. व्हॅनेडियम न्यूट्रॉनांना सर्व दिशांना जवळजवळ सारखेच विखुरतो, त्याची स्वतःची शिखरे नगण्य असतात, म्हणून आतल्या पदार्थाचा आलेख स्वच्छ मिळतो. आलेखात निओबियम-कथिलाची शिखरे होती, तंतूंच्या गाभ्यात न भाजता उरलेल्या निओबियमची थोडी होती, आणि तांब्याचा मागमूस नव्हता. जालकाची बाजूही मिळाली. परंतु तो आकडा मी शून्य म्हणून वापरणार नव्हते. दोन वेगवेगळ्या यंत्रांच्या अंशांकनात दहा हजारात एका भागाचा फरक सहज असू शकतो, आणि आम्हाला नेमक्या त्याच पातळीवर उत्तर हवे होते. शून्य आणि तार एकाच यंत्रावर, एकाच बैठकीत मोजायला हवे होते.

ती बैठक इंग्लंडमध्ये ऑक्सफर्डशायरच्या हारवेल येथील आयसिस या न्यूट्रॉन केंद्रात झाली. तिथले एंजिन-एक्स हे उपकरण अभियांत्रिकी पदार्थांतली विकृती मोजण्यासाठीच बांधलेले आहे. स्रोतापासून नमुन्यापर्यंत ५० मीटरांचे अंतर, नमुन्याच्या दोन बाजूंना नव्वद अंशांवर दोन शोधक, आणि नमुन्याचा अक्ष शलाकेशी (न्यूट्रॉनांच्या झोताशी) ४५ अंशांत ठेवला की एक शोधक तारेच्या लांबीच्या दिशेची विकृती पाहतो आणि दुसरा आडव्या दिशेची. वेळ मिळवण्यासाठी वर्षातून दोनदा प्रस्ताव मागवले जातात. प्रस्तावात खरी जागा दोन पानांची, आणि त्यातले जवळजवळ एक पान मी शून्य कसे ठरवणार यावर खर्च केले. सुरुवातीच्या मसुद्यात द्रवरूप हेलियमच्या तापमानालाही मोजमाप करण्याची मागणी होती. उपकरणाच्या शास्त्रज्ञांनी पत्रात सुचवले की आधी खोलीच्या तापमानाला शून्याची खात्री करून घ्या, थंड करण्याचे पुढच्या फेरीत पाहू. सल्ला योग्य होता, कारण हे संयुग सुमारे ४३ केल्विनच्या खाली आपली घनाकृती सोडून किंचित चपटे होऊ शकते, शिखरे रुंदावतात किंवा दुभंगतात, आणि शून्याचा प्रश्न आणखी गुंतागुंतीचा होतो.

प्रत्यक्ष मोजणीच्या वेळी माझी एक जुनी विद्यार्थिनी, जी आता तिकडेच काम करते, यंत्रापाशी होती आणि आम्ही नाशिकला पडद्यासमोर होतो. उन्हाळ्यात तिथले घड्याळ आपल्यापेक्षा साडेचार तास मागे असते, त्यामुळे तिची संध्याकाळ म्हणजे आमची मध्यरात्र. नमुन्याच्या खोलीत माणूस असताना शलाका उघडूच शकत नाही अशी किल्ल्यांची व्यवस्था तिथे आहे. खोलीत जाणारा आपली किल्ली सोबत नेतो आणि सगळ्या किल्ल्या फळीवर परत बसल्याशिवाय शलाका अडवणारा पडदा हलत नाही. नमुना मिलिमीटरभर सरकवायचा तरी हा सगळा विधी करावा लागतो. तो टाळण्यासाठी शक्य तितके काम बाहेरून, मोटरींनी करायचे हे तिने आधीच ठरवून ठेवले होते.

क्रम असा होता: आधी सिरियम ऑक्साइडच्या भुकटीने दोन्ही शोधकांचे अंशांकन, मग व्हॅनेडियमच्या दांड्याने तीव्रतेची जुळणी, मग सुट्या तंतूंची डबी, मग भार नसलेली जुडी, मग पायरीपायरीने भार वाढवत तीच जुडी, आणि शेवटी पुन्हा सुटे तंतू. शेवटच्या पायरीवर आमच्यात थोडा वाद झाला, कारण मिळालेला वेळ मौल्यवान असतो आणि एकदा मोजलेली गोष्ट पुन्हा मोजणे काहींना उधळपट्टी वाटते. पण दालनातले तापमान पाच अंशांनी बदलले तरी निओबियम-कथिलाचे जालक लाखात चार भागांनी बदलते. सुरुवातीचे आणि शेवटचे तंतू एकमेकांशी जुळले तरच मधल्या मोजमापावर विश्वास ठेवता येतो. ते जुळले.

भार वाढवताना जे दिसले ते मला आलेखापेक्षाही सुंदर वाटले. सुरुवातीला सर्व पदार्थांची शिखरे एकत्र सरकत होती. लवकरच तांब्याच्या शिखराचे सरकणे मंदावले, म्हणजे तांबे नमले आणि त्याने वाढीव भार घेणे जवळजवळ सोडून दिले. तेव्हापासून तंतूंचे शिखर आधीपेक्षा वेगाने सरकू लागले, कारण भार आता त्यांच्यावर येत होता. आधी दाबलेले तंतू मोकळे होत गेले आणि एका भाराला त्यांचे अंतर सुट्या तंतूंच्या अंतराएवढे झाले. त्याच्या पुढे ते खऱ्या अर्थाने ताणले जाऊ लागले. निओबियमची कथा मात्र वाचता आली नाही. निओबियम आणि टँटॅलम यांच्या जालकांची बाजू इतकी सारखी आहे, ३.३०१ आणि ३.३०३ अँगस्ट्रॉम, की दोघांची शिखरे एकमेकांवर बसतात आणि तंतूंच्या गाभ्यातले निओबियम कोणते आणि पडद्यातले टँटॅलम कोणते, हे वेगळे काढता येत नाही.

टँटॅलमने आणखी एक हिशेब मांडायला लावला. न्यूट्रॉन शोषलेले तांबे किरणोत्सारी होते, पण त्याचा अर्धायुकाल १२.७ तासांचा, म्हणजे काही दिवसांत ते जवळजवळ शांत होते. न्यूट्रॉन शोषलेल्या टँटॅलमचा अर्धायुकाल मात्र सुमारे ११४ दिवसांचा आहे. जुडी म्हणून तिथल्याच साठ्यात राहिली, आणि ती परत मागवण्याची घाई करण्यात अर्थ नाही हे मी विभागप्रमुखांना कागदावर गणित मांडून समजावले. गंमत अशी की आयसिसच्या ज्या टंगस्टनच्या लक्ष्यातून हे न्यूट्रॉन निघतात, त्यावरही टँटॅलमचेच आवरण असते.

विश्लेषण नाशिकला झाले. कच्ची माहिती मँटिड या संगणकप्रणालीतून पुढे नेऊन रिटव्हेल्ड पद्धतीने संपूर्ण आलेखाची जुळणी केली. ह्यूगो रिटव्हेल्ड यांनी १९६९ मध्ये न्यूट्रॉनांच्या आलेखांसाठीच ही पद्धत मांडली होती. शिवाय २११, ३२० आणि ३२१ ही शिखरे वेगवेगळी जुळवूनही पाहिली. सुट्या तंतूंवरून घेतलेल्या शून्याने तारेतल्या तंतूंची लांबीच्या दिशेची विकृती उणे आली, हजारात एक ते दोन भागांच्या पट्ट्यात, म्हणजे अशा तारांसाठी अपेक्षित असते तशीच. इथे थांबणे सोपे होते. पण शून्य तपासण्याचा दुसरा मार्गही हाताशी होता: भार नसलेल्या तारेच्या कोणत्याही छेदात सगळ्या पदार्थांवरील बलांची बेरीज शून्य आली पाहिजे. तारेच्या छेदाच्या सूक्ष्मदर्शक चित्रावरून तांबे, कासे, तंतू आणि पडदा यांची क्षेत्रफळे मोजून ही बेरीज मांडली, तेव्हा शून्य थोडे वेगळ्या जागी पडले. निओबियम आणि टँटॅलम वेगळे न दिसण्याचा परिणाम या बेरजेत शिरलेला होता, तर सुट्या तंतूंच्या पद्धतीत कथिलाच्या वाटपाची शंका राहतेच. दोन प्रामाणिक पद्धतींनी दोन शून्ये दिली होती.

यावरचा उपाय आडव्या दिशेच्या शोधकाने दिला. कथील कमी-जास्त झाल्याने जालक सर्व दिशांना सारखेच लहान-मोठे होते. दाब मात्र दिशा पाहतो: लांबीच्या दिशेने तंतू आखूड होतात आणि आडव्या दिशेने थोडे फुगतात. त्यामुळे लांबीच्या दिशेची विकृती आणि आडव्या दिशेची विकृती यांची वजाबाकी केली की शून्य कुठेही धरलेले असो, ते दोन्हींतून निघून जाते. उरतो तो फक्त दिशेनुसारचा फरक. माझ्या विद्यार्थ्याने तीन वेगवेगळी शून्ये घालून हा फरक काढून दाखवला आणि तो तिन्ही वेळा मोजमापाच्या अचूकतेच्या आत तोच आला. यासाठी दोन्ही शोधकांचे अंशांकन एकाच भुकटीने, एकाच जागी केलेले असणे आवश्यक होते, आणि तसे केलेले असल्यामुळेच या वजाबाकीवर विसंबता आले.

हा आकडा नुसता सोयीचा म्हणून स्वीकारलेला नाही. निओबियम-कथिलाची प्रवाहक्षमता सर्व बाजूंनी सारख्या पडणाऱ्या दाबाने फारशी बदलत नाही. तिला खरा धक्का देतो तो दिशांमधला फरक, असे दाखवणारे काम नेदरलँड्समधील ट्वेंटे विद्यापीठात १९९० च्या दशकात झालेले आहे. म्हणजे चुंबक बांधणाऱ्याला जी राशी खरोखर हवी असते, तीच राशी आमच्या मोजमापात शून्याच्या वादापासून मुक्त होती. लेखाच्या मसुद्यात म्हणून मुख्य तक्त्याचा पहिला स्तंभ या फरकाचा आहे. लांबीच्या दिशेची एकटी विकृती त्यानंतर येते, आणि प्रत्येक आकड्यापुढे ती कोणत्या शून्यावरून काढली ते लिहिलेले आहे. एका सहलेखकाला हा तक्ता वाचकाला गोंधळात टाकणारा वाटतो आणि त्याच्या मते एकच आकडा द्यावा. मी त्याला नकार दिला आहे.

पुढच्या फेरीचा प्रस्ताव आता लिहून होत आला आहे. त्यात थंड करण्याची मागणी आहे, ६० केल्विनला एक थांबा आहे म्हणजे रूप बदलण्यापूर्वीचा आलेख हाती राहील, आणि या वेळी टँटॅलमऐवजी निओबियमचाच पडदा असलेली तार मागितली आहे. अंबडच्या मालकांना नवीन ठोकळ्यांचे ड्रॉइंग पाठवले तेव्हा त्यांचा पहिला प्रश्न साहित्याविषयी होता. ठोकळे ज्या पोलादाचे होते ते कमी तापमानाला ठिसूळ तर होणार नाही ना, असे त्यांनी विचारले, आणि आम्ही ३१६ एलएन जातीच्या स्टेनलेस स्टीलवर आलो आहोत.